सभा कोणीही भरवेल, बूथ कोण सांभाळणार?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली आणि साकोलीची २०८ मतांनी. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले, हा दाखला तर बूथच्या बैठकांत हमखास ऐकायला मिळतो. असे निकाल रोज लागत नाहीत. पण लागले की पक्ष कार्यालयात उशिरापर्यंत एकच उजळणी चालते. कुठल्या बूथवर आपली माणसं मतदानाला आलीच नाहीत? कोणाची नावं यादीतून गळाली? कोणत्या गल्लीत चिठ्ठ्या पोहोचल्या नाहीत? बहुतेक वेळा याचं उत्तर कोणालाच देता येत नाही, कारण ते काम नेमकं कोणाकडे होतं हेच ठरलेलं नसतं.

हे काम जो ठरवतो, वाटून देतो आणि झालं की नाही ते पाहतो, तो माणूस कसा घडतो, याविषयी हा लेख आहे. तो उमेदवार नसतो. बॅनरवर त्याचा फोटो असलाच तर तळाच्या रांगेत, टिकलीएवढा. त्याच्या हाताखाली दहा-पंधरा जण असतात आणि त्याच्या डोक्यावर दोन-तीन बूथची जबाबदारी. पुढे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार होणारे बरेच जण याच जागेवरून वर आलेले असतात. पक्ष कोणताही असो, कामाची रीत फारशी वेगळी नसते.

आधी कामाचा पसारा पाहू

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत. २०२४ च्या निवडणुकीत राज्यात एक लाखाहून थोडी जास्त मतदान केंद्रं होती आणि मतदार होते सुमारे ९ कोटी ७० लाख. म्हणजे सरासरीने एका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास बूथ आणि एका बूथवर हजाराच्या आतबाहेर मतदार. प्रत्येक बूथवर दहा माणसं लावायची म्हटलं तर एका उमेदवाराला साडेतीन हजार कार्यकर्ते लागतात. एवढ्यांची नावंसुद्धा कोणाच्या लक्षात राहत नाहीत, मग त्यांच्याकडून काम करून घेणं तर दूरच.

वेळही थोडा असतो. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मतदानापर्यंत किमान १४ दिवस जायला हवेत, असं लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, आणि प्रत्यक्षात त्याहून फारसे जास्त दिवस मिळत नाहीत. २०२४ ला माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर होता, जाहीर प्रचार १८ तारखेला संध्याकाळी थांबला आणि २० ला मतदान झालं. दिवाळी नुकतीच उरकलेली, सुट्टीला गावी गेलेली निम्मी माणसं परतायची होती आणि हातात दोन आठवडे.

आता एका बूथचं गणित मांडू. समजा हजार मतदार आहेत आणि घरं अडीचशे. एका घरी दार वाजवण्यापासून निघेपर्यंत सहा मिनिटं धरली तर तासाला दहा घरं होतात. लोक घरी सापडतात ते संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे एका जोडीची रोज वीस घरं. अडीचशे घरांना साडेबारा संध्याकाळी लागतील. एकाच जोडीवर सोडलं तर प्रचाराचा सगळा काळ एका फेरीत संपतो आणि कुंपणावरच्या माणसाकडे दुसऱ्यांदा जायला सवड उरत नाही. पाच जोड्या असतील तर अडीच संध्याकाळीत फेरी उरकते. नवख्या कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी शिकवावं ते हे. कागद, पेन्सिल आणि त्याचाच बूथ देऊन ही बेरीज त्याच्या हातून करून घ्यावी. एकदा ती केली की ‘आपण सगळे मिळून गावभर फिरू’ असं तो पुन्हा म्हणत नाही. तीस जणांची पदयात्रा एका तासात एकाच गल्लीतून जाते. तेच तीस जण पंधरा जोड्यांनी फिरले तर त्याच तासात दीडशे घरं होतात. पदयात्रेला अर्थ नाही असं नव्हे, वातावरण तयार करायला ती लागते. पण वातावरण आणि मत यांत फरक असतो.

पन्नाप्रमुख हे पद याच गणितातून आलं. मतदार यादीच्या एका पानावर साधारण तीस नावं असतात. पान ज्याच्या नावावर, त्याने त्या तीस जणांना नावानिशी ओळखायचं. भाजपने हे पद सगळीकडे गाजवलं, पण यादी फोडून वाटायची पद्धत जुनी आहे. गावाकडच्या सोसायटीच्या निवडणुकीत सभासदांची यादी भावकीनिहाय फोडून ‘हे घर तुझं, ते माझं’ असं वाटून घेणारे लोक काही कोणत्या कार्यशाळेला गेलेले नव्हते.

यादी वाचायला शिकवणं

मतदार यादी हे प्रचारातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं पुस्तक. तिच्यात काय शोधायचं? मयत असून नाव राहिलेले. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि लग्न होऊन आलेल्या सुना. कामासाठी पुण्या-मुंबईला किंवा चाकण-भोसरीला गेलेले. दोन ठिकाणी नाव असलेले दुबार. आणि अठरा पूर्ण होऊनही नावच न लागलेले. नवं नाव लावायला नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७, दुरुस्ती आणि पत्ता बदलायला नमुना ८. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असणं पाहिलं जाई. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत.

हे सगळं काम निवडणूक जाहीर व्हायच्या आधीचं आहे. म्हणून उमेदवारी अर्ज भरल्यावर घेतलेलं प्रशिक्षण निम्मं वाया गेलेलं असतं. त्या वेळी यादी जवळजवळ गोठलेली असते आणि त्यातल्या चुका फक्त मोजता येतात. मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येक बूथसाठी आपला प्रतिनिधी नेमता येतो. त्याने सरकारी बूथस्तर अधिकाऱ्याबरोबर, म्हणजे बहुधा गावातल्याच शिक्षकाबरोबर किंवा अंगणवाडी सेविकेबरोबर, यादी तपासायची असते. नव्या नेत्याला घडवायची ही उत्तम जागा. काम बारीक, प्रसिद्धी शून्य आणि सहा महिने चालणारं. जो हे पुरं करतो त्याला पुढची जबाबदारी द्यायला हरकत नसते.

एक सावधगिरी मात्र पहिल्याच दिवशी सांगावी. मतदार यादी सार्वजनिक असते, पण तिच्यात फोन नंबर नसतात. ते कार्यकर्ते गोळा करतात, शेजारी ‘आजारी’, ‘मुलगा बेरोजगार’, ‘नवऱ्याशी पटत नाही’ असलं काहीही लिहितात आणि तो तक्ता शंभर जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे होतात. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्याविषयी काय लिहिलंय हे त्या बाईंना कळलं तर मत जातंच आणि गल्लीही जाते.

दारात काय बोलायचं

भाषण शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत. दार वाजवायला शिकवणारे कमी. आणि दारातलं बोलणं वर्गात बसून येत नाही, ते करूनच बघावं लागतं. दोघांना उभं करायचं, एक घरातला, एक कार्यकर्ता, बाकीच्यांनी पाहायचं.

“काकू, नमस्कार. मी मागच्या गल्लीतला, जोशी मास्तरांच्या शेजारी राहतो. दोन मिनिटं आहेत का?”

“आत्ता बरी आठवण झाली पाच वर्षांनी! नळाला पाणी येत नाही तेव्हा कुठं होता?”

इथे नवा पोरगा हटकून चुकतो. तो पाण्याच्या योजनेचा निधी, मंजुरी आणि विरोधकांनी घातलेला खोडा यांवर बोलायला लागतो. काकूंना ते नको असतं. “किती दिवसांनी येतंय पाणी? किती वाजता?” एवढं विचारून ते वहीत टिपलं, तर पुढचं बोलणं सुरू होतं. जमत नसलेलं वचन द्यायचं नाही. ‘साहेबांना सांगून उद्याच करून देतो’ हे वाक्य तर बंदच करायला हवं, कारण उद्या काही होत नाही आणि परवा तो पोरगा ती गल्ली टाळून जातो. आजीआजोबांशी बोलताना आधी तब्येतीची विचारपूस. वय ८५ च्या पुढे असेल किंवा अपंगत्व ४० टक्क्यांवर असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मतदानाची सोय आहे. त्याचा अर्ज वेळेत भरावा लागतो, हे सांगणारा माणूस त्या घराच्या लक्षात राहतो.

समोरासमोरच्या भेटीला खरंच एवढं महत्त्व द्यावं का? अमेरिकेत ॲलन गर्बर आणि डोनल्ड ग्रीन या दोन अभ्यासकांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर एक प्रयोग केला. कोणाच्या घरी माणूस जाईल, कोणाला पत्र जाईल, कोणाला फोन जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. संदेश कोणत्याही पक्षाचा नव्हता, फक्त ‘मतदान करा’ एवढाच. घरी भेटलेल्यांचं मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं, पत्राने किंचित वाढलं, फोनने वाढलंच नाही. त्यांचा देश वेगळा, मतदानाची सवय वेगळी, म्हणून तो आकडा इथे तसाच लावू नये. मात्र दोन लाखांचे एसएमएस पाठवून झोपी जाणाऱ्यांनी हा प्रयोग वाचायला हवा.

दारातून परत आल्यावर खूण करायची असते: आपला, समोरचा, काठावरचा, कळलं नाही. आणि इथे मराठी प्रचारातला जुना रोग डोकं वर काढतो. सगळेच ‘आपले’ होतात. मतदार कोणालाच तोंडावर नाही म्हणत नाही, आणि कार्यकर्त्यालाही वरच्याला खूश करायचं असतं. बूथवर सहाशेचं मतदान होईल असं धरलं तर बूथप्रमुख म्हणतो, साडेचारशे आपली. वॉर्डप्रमुख ते पाचशे सांगतो. उमेदवारापर्यंत पोहोचेस्तोवर विजय झालेला असतो. आकडा असा फुगतो तेव्हा माणसं चुकीच्या जागी खर्ची पडतात. जिथे काठावरचे दोनशे जण आहेत तिथे कोणी जात नाही, कारण कागदावर ते सगळे आपलेच आहेत.

यावर उपाय आहे, पण तो नेत्याने करायचा आहे, कार्यकर्त्याने नव्हे. प्रत्येक बूथच्या यादीतून कुठलीही दहा घरं उचलायची आणि दुसऱ्या जोडीला तिथे पाठवायचं. दोन खुणा जुळल्या नाहीत तर ओरडायचं नाही, कारण विचारायचं. आणि जो म्हणेल, “दादा, आपल्या आळीत या वेळी हवा नाही, निम्मे नाराज आहेत”, त्याला सगळ्यांदेखत शाबासकी द्यायची. एकदा जरी अशा माणसाला बैठकीत ‘तू फितूर झालास का?’ असं ऐकवलं गेलं, तर त्या प्रचारात पुन्हा खरी बातमी येत नाही. मला विचाराल तर सगळ्या प्रशिक्षणात शिकवायला सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, आणि ती शिकलेला पुढारी मैल मैल चाललं तरी क्वचित भेटतो.

माणसं का येतात आणि का जातात

पहिल्या बैठकीला साठ जण येतात, तिसऱ्याला पंधरा उरतात. नेते म्हणतात, हल्लीच्या पोरांत निष्ठा राहिली नाही. ते मला पटत नाही. बहुतेक जण कंटाळून जातात. सकाळी नऊला बोलावलं, उमेदवार बाराला आला, तोवर कार्यालयात चहा पीत बसले. काम विचारलं तर “थांब जरा, सांगतो”. मग उमेदवाराचा मेहुणा आला आणि त्याने आधीचं सगळं बदललं. रात्री अकराला फोन आला की सकाळी सहाला स्लिपा वाटायच्या आहेत. चौथ्या दिवशी त्या पोराच्या आईने विचारलं, तुला तिथे मिळतं काय? त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून नव्या नेत्याला शिकवायच्या गोष्टी साध्याच असतात, पण त्या काटेकोर पाळाव्या लागतात. नाव नोंदवलेल्या माणसाला दोन दिवसांच्या आत फोन गेला पाहिजे. पहिलं काम छोटं, एका संध्याकाळचं, आणि पुरं झाल्याचं समाधान मिळेल असं हवं. काम देताना ते कोणी, कुठे, कधीपर्यंत करायचं हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. एका नेत्याच्या थेट हाताखाली पाच-सातच माणसं. त्याहून जास्त झाली की त्यातल्या एकाला नेता करायचं आणि गट तोडायचा. इथेच बरेच जण अडतात. स्वतःच्या हाताखालची दहा माणसं दुसऱ्याला देणं म्हणजे आपली ताकद कमी होणं, असं आपल्याकडे मानतात.

बराक ओबामांच्या २००८ च्या प्रचारात स्वयंसेवकांच्या तुकड्या याच तत्त्वावर उभ्या केल्या होत्या. मार्शल गँझ हे त्या प्रशिक्षणामागचं मोठं नाव. हार्वर्डला शिकवायला लागण्यापूर्वी त्यांनी कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या संघटनेत सोळा वर्षं काढली होती. त्यांचा भर असा की स्वयंसेवकाला फक्त कामं वाटत बसू नका, त्याला एका भागाची जबाबदारी द्या आणि त्याच्याकडून त्याची माणसं उभी करवा. आपल्याकडे हे जसंच्या तसं उतरत नाही. जात, भावकी, जुनी भांडणं, कोणाच्या दारी कोण जाणार याचे न लिहिलेले नियम, हे सगळं मध्ये येतं. पाटलांच्या वाड्यावर कोणाला पाठवायचं आणि वस्तीत कोणी जायचं हे गावातल्या जुन्या कार्यकर्त्याला कळतं, बाहेरून आलेल्या सल्लागाराला कळत नाही. पण त्याच जुन्या कार्यकर्त्याला हेही सांगावं लागतं की प्रत्येक समाजाच्या घरी त्याच समाजाचा कार्यकर्ता पाठवत राहिलात तर तुम्ही फक्त आहे ते जपाल.

कोणाला कोणतं काम, हे ओळखण्यातही कसब आहे. निवृत्त बँक कर्मचारी खर्चाची नोंदवही अशी ठेवतो की निरीक्षकाला बोट ठेवायला जागा मिळत नाही. निवृत्त शिक्षिका निम्म्या गावाला नावाने ओळखतात आणि त्यांना कोणी उलट बोलत नाही. कॉलेजची पोरं रील छान करतात, पण त्यांना रील करण्यातच अडकवलं तर दार वाजवायला ती कधीच शिकत नाहीत. अठराखालच्या मुलांना मात्र कशातच घ्यायचं नाही. प्रचारात मुलांचा वापर निवडणूक आयोगाला अजिबात खपत नाही, आणि तशी ताकीद त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दिली आहे.

बायकांविषयी थोडं वेगळं बोलायला हवं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे उद्याच्या सरपंच आणि नगरसेवकांपैकी निम्म्या आज कुठेतरी बचत गटाचा हिशोब लिहीत असतील. तरी शिबिराची वेळ रात्री आठची, जागा तालुक्याला आणि स्वच्छतागृहाचा पत्ता नाही, असं असेल तर त्या येणार कशा? आणि आल्या तरी नवरा शेजारच्या खुर्चीत बसून उत्तरं देतो. शिबिर घेणाऱ्याने त्याला आदराने बाहेर चहाला पाठवावं. दुपारी दोन ते चार, गावातल्याच शाळेत, एवढा बदल केला तरी हजेरीत फरक पडतो. महिन्याला वीस बायकांकडून वेळेवर हप्ता वसूल करणारी आणि थकलेल्या हप्त्यावरून भांडण न होऊ देणारी बाई माणसं सांभाळायला आधीच शिकलेली असते. तिला यादी आणि कायदा तेवढा शिकवायचा उरतो.

कायदा, कारण एकाच्या चुकीने सगळे अडकतात

कार्यकर्त्याला सगळा कायदा पाठ नको. पण त्याच्या हातून उमेदवाराची जागा जाऊ शकते, हे त्याला माहीत हवं. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे, लोकसभेला ९५ लाख. कार्यकर्त्यांचा वडापाव, चहा आणि खुर्च्यांचं भाडं सगळं त्यात धरलं जातं. त्याचे दर जिल्हा प्रशासनाने आधी ठरवलेले असतात. ‘हा तर माझ्याच हॉटेलचा नाश्ता, पैसे नाही घेतले’ म्हणून तो खर्चातून सुटत नाही. पत्रक छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणूक बंद. मतदाराला आपल्या गाडीतून केंद्रावर नेणं हा भ्रष्ट मार्ग ठरतो, आणि ही चूक तर निव्वळ चांगुलपणाने होते. म्हातारीला उन्हातून चालत कसं न्यायचं, असं वाटतं आणि रिक्षा काढली जाते.

जात-धर्माच्या नावाने मत मागण्याचा मुद्दा महाराष्ट्रातल्याच खटल्यातून पक्का झाला. १९९० च्या विधानसभेची सांताक्रूझची निवडणूक, अभिराम सिंह विरुद्ध सी. डी. कॉमाचेन. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने ठरवलं की उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचाही धर्म, जात, भाषा पुढे करून मत मागणं हा भ्रष्ट मार्ग आहे. उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कोणी तसं केलं तरी ते उमेदवाराच्या अंगाला येतं. चौकातल्या माइकवर कोणाला उभं करायचं हा म्हणूनच कायद्याचाही प्रश्न आहे.

मतदानाचा दिवस

केंद्रात बसणारा पोलिंग एजंट बहुधा आदल्या रात्री ठरतो. जो मोकळा असेल तो. त्याला नेमणुकीचा कागद हातात मिळतो आणि डबा कुठून येणार ते सांगितलं जातं, बाकी काही नाही. वास्तविक या एका माणसाला दोन तास नीट शिकवलं तर बरेच वाद टळतात.

मतदान सात वाजता असेल तर त्याने साडेपाचला केंद्रात हवं, कारण दीड तास आधी अभिरूप मतदान होतं. एजंटांसमोर किमान ५० मतं टाकून यंत्र बरोबर मोजतं का ते पाहतात, ती मतं पुसतात आणि मग यंत्र मोहोरबंद होतं. यंत्राचे आणि मोहोरेचे क्रमांक त्याने आपल्या वहीत टिपायचे. तोतया मतदार वाटला तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर ओळख पटवून खरा मतदार प्रदत्त मतपत्रिका मागू शकतो, ते मत यंत्रात नव्हे, कागदावर होतं. संध्याकाळी मतदान संपलं की केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-ग ची प्रत घ्यायची. त्यात एकूण किती मतं नोंदली गेली ते असतं. मोजणीच्या दिवशी यंत्र उघडताना हाच कागद समोर धरून आकडा ताडून पाहायचा. डबा खाऊन पाच वाजता घरी निघून गेलेल्या एजंटाकडे हा कागद नसतो, आणि मग निकालानंतर टीव्हीवर आरोप करायला काहीही अडचण येत नाही, सिद्ध करायला येते.

बाहेरची माणसं त्या दिवशी एकच काम करतात, मतदान काढणं. शंभर मीटरच्या आत प्रचार नाही. द्यायच्या चिठ्ठ्या पांढऱ्या कागदावर, त्यावर उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही. दुपारी बारापर्यंत आपल्या पानावरचे कोण आले, कोण राहिले, हे ज्याला तीस नावांपुरतं माहीत आहे तोच दुपारनंतर नेमक्या दारी जातो. दोन आठवडे यादी फोडण्यात घातलेली मेहनत या चार-पाच तासांत कामी येते.

शिकण्याच्या जागा

पूर्वी या सगळ्याचं शिक्षण कुठे मिळे? १९२३ साली ना. सु. हर्डीकरांनी काढलेलं हिंदुस्थानी सेवा दल, १९४१ चं राष्ट्र सेवा दल, संघाच्या शाखा, कम्युनिस्टांचे अभ्यासवर्ग. मतदान काढायला कोणी तिथे शिकवत नव्हतं. वेळेवर येणं, पंगतीत वाढणं, सतरंज्या घालणं आणि उचलणं, वेगळ्या जातीच्या मुलाबरोबर एका खोलीत राहणं, हे मात्र तिथे अंगवळणी पडे. १९८२ साली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी स्थापन झाली, भाईंदरजवळ उत्तनला तिचं मोठं केंद्र आहे. लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण हेच तिचं काम. २००५ मध्ये पुण्यात एमआयटीने राजकीय नेतृत्वाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू केला. फी भरून राजकारण शिकायचं ही कल्पना तेव्हा अनेकांना गमतीची वाटली होती.

दुसरीकडे खालच्या पायऱ्या मात्र तुटत गेल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली, पण तोवर दोन पिढ्या कॉलेजातली निवडणूक न पाहताच बाहेर पडल्या होत्या. मग २०२२ मध्ये मुदत संपलेल्या महापालिकांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, इतक्या की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्यायला सांगावं लागलं. या काळात विशीतल्या कार्यकर्त्याला वॉर्डाची निवडणूक लढवायचा सरावच मिळाला नाही. थेट विधानसभेच्या धबडग्यात पडलेला पोरगा बूथ नव्हे, इव्हेंट करायला शिकतो.

उरलं काय, तर गणेश मंडळं, सोसायट्या, दूध संघ आणि पतसंस्था. मंडळाला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा वर्गणीची पावतीपुस्तकं कशी वाटली जातात, कोणती गल्ली कोणाकडे असते आणि अनंत चतुर्दशीला रात्री तीन वाजता चाळीस पोरं रस्त्यावर कोणाच्या शब्दाने उभी राहतात ते पाहावं. ज्याच्या शब्दाने ती उभी राहतात, त्याला बूथ द्यावा.

निकालानंतर

निकाल लागला की कार्यालय दुसऱ्या दिवशी रिकामं होतं. जिंकलेले गुलालात असतात, हरलेले दार लावून घेतात. पण दोन कामं राहिलेली असतात. एक म्हणजे निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब सादर करणं. तो सबळ कारणाशिवाय दिला नाही तर उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो, म्हणून ते बहुधा होतं.

दुसरं काम सहसा होत नाही. नमुना २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे छापून येतं आणि तो कागद कोणालाही पाहता येतो. बूथप्रमुखांना बोलावून प्रत्येकाने प्रचारात सांगितलेला आकडा आणि नमुना २० मधला आकडा शेजारी शेजारी लिहायचा. ‘साडेचारशे आपली’ म्हणणाऱ्याच्या बूथवर एकशे नव्वद निघतात, आणि ‘निम्मे नाराज आहेत’ म्हणणाऱ्याचा अंदाज दहा-वीस मतांनी चुकलेला असतो. पुढच्या वेळी चार बूथ कोणाकडे द्यायचे याचा विचार त्या बैठकीत करता येतो, आणि उमेदवारीची यादी ठरवणाऱ्यांनी तो तक्ता एकदा मागवून घ्यायला हरकत नाही.